आजी-लेकरांना घेऊन पहिल्यांदा क्रूझला निघताना

घरातल्या सगळ्यात लहान लेकराचं मूळ आधार कार्ड आधी शोधा. आत्ता उठा, कपाट उघडा, बघा. मूळ म्हणजे मूळ. झेरॉक्स नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो नाही, 'कुठंतरी असंल' तर अजिबातच नाही. आमच्या धाकट्याचं कार्ड शाळेच्या फाईलीत अडकलं होतं आणि ते आठवलं विदर्भ एक्स्प्रेसनं अकोला सोडल्यावर. मूळ कार्ड नाही म्हणून त्याला जहाजावर चढू दिलं नाही. बाकीचे जहाजात बसले. मी अन् पोरगा गिरगाव चौपाटीवर भेळ खाऊन रात्रीच्या गाडीनं परत आलो. आता पुन्हा जायचं ठरतंय, भावाचं घरही सोबत येणार आहे, म्हणून हे लिहून ठेवतो. आमच्या यवतमाळकडच्या कुणाला उपयोगी पडलं तर बरंच.

आता मुळात क्रूझ कशाला, हे घरात पटवावं लागतं. आपल्याकडं सुट्टी म्हणजे हैदराबाद; रामोजी फिल्म सिटी, नाहीतर वंडरला. जरा पैसे असले तर खोपोलीचं इमॅजिका. पोट्ट्यांना मजा येते, नाही म्हणत नाही. पण आजीला घेऊन जा आणि बघा. दिवसभर ती बाकड्यावर पिशव्या सांभाळत बसते, आबाजी सावली शोधतात, धाकट्याची उंची पट्टीला लागत नाही म्हणून तो भोकाड पसरतो, आणि मोठ्याची एका झुल्यासाठी तासभर रांग. जहाजावर माणूस थकला की खोलीत जाऊन पडतो, भूक लागली की जेवतो, कुणाला कुणाची वाट बघावी लागत नाही. तीन पिढ्या सोबत असतील तर जहाजच बरं, हे माझं मत. नुसती आठ-पंधरा वर्षांची पोरं असतील तर खुशाल हैदराबादला जा, पैसे वाचतील.

पण एक फरक लक्षात ठेवा. रामोजीला उशिरा पोचलात तर दोन खेळ हुकतात. जहाजाचं दार ठरल्या वेळी बंद होतं, मग तुम्ही कितीही दुरून आलेले असा.

कधी जायचं? शेतीवाल्या घराचा हा मोठा प्रश्न. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा विषयच नको. समुद्र शांत असतो डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि नेमका तेव्हाच आपला कापूस वेचायला आलेला, तुरीची सवंगणी डोक्यावर. दिवाळीच्या सुट्टीत सोयाबीनचे पैसे हातात असतात, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा वादळांचाही हंगाम आहे. मे अखेर तसाच. 2021 चं तौक्ते वादळ मे महिन्यातलंच. माझ्या हिशेबानं परीक्षा संपल्या की एप्रिलचा शेवटचा आठवडा. फक्त बियाणं-खताचे पैसे आधी बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका. जूनमध्ये सावकाराच्या दारात उभं राहून गोव्याचे फोटो दाखवायचे नाहीत.

कुठं जायचं हे पहिल्या वेळेला सोपं ठेवा. 2021 च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज मुंबईहून जाऊ लागलं. 1990 सालचं, अकरा मजली जहाज आहे. एवढी मोठी सफर आपल्या देशातच मिळते म्हटल्यावर पासपोर्टच्या भानगडीत पडू नका. दोन किंवा तीन रात्रींची, गोव्याला जाऊन येणारी फेरी पुरे. लक्षद्वीपचं नाव ऐकून जीव हुरळतो, पण तिथं मोठं जहाज खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जावं लागतं. बोट हलते, पायरी हलते, आणि आजीचे गुडघे तर आधीच हलतात. शिवाय परवाना वेगळा. ते पुढच्या खेपेला. मात्र गोव्याला जहाज मुरगाव बंदरात लागतं, तिथून प्रसिद्ध किनारे लांब आहेत. फिरायला उतरलात तर परतायच्या वेळेच्या तासभर आधी बंदरात या.

पैशाचं एकच सांगतो. जाहिरातीतला आकडा माणशी असतो, तोही दोघं एका खोलीत राहतील असं धरून. त्यावर बंदराचे कर, जीएसटी, कुठं टीप धरलेली. शेवटच्या पानावरचा आकडा बघूनच घरात सांगा, आधी सांगून फजिती करून घेऊ नका. जेवण धरलेलं असतं. कोल्ड्रिंक, दारू, पोरांचे व्हिडिओ गेम, इंटरनेट हे सहसा वेगळं, आणि ते सगळं खोलीच्या कार्डावर लिहिलं जातं. कार्ड पोराच्या हातात देऊ नका.

खोली निवडताना घाई करू नका. सगळ्यात स्वस्त खोलीला खिडकी नसते. झोपायला काही हरकत नाही, पण आबाजींना सकाळ झाली का रात्र आहे ते कळत नाही, आणि ते पहाटे समजून रात्री दोनला उठून बसतात. म्हातारी माणसं असतील त्या खोलीला निदान गोल खिडकी घ्या. चार जणांच्या खोलीत दोन पलंग भिंतीतून वर उघडतात, शिडीनं चढायचं. तिथं पोरं झोपतील, आजी नाही. तिला खाली ठेवायचं आधीच ठरवा. आणि खोली जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर मागा. बैलगाडीत आसाजवळ बसलेल्याला कमी हादरे बसतात आणि टोकाला बसलेला उडतो, तसंच आहे ते. वरच्या मजल्यावर टोकाची खोली घेऊन मग 'आईला उलट्या होतात हो' म्हणू नका.

उलट्यांचं निघालंच तर गोळीबद्दल आपल्या डॉक्टरला आधी विचारा. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते; सुरू झाल्यावर घेतली तर तीच बाहेर पडते. झोप येते तिनं. बीपीची, साखरेची औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय देऊच नका. रिकाम्या पोटी राहू नका, मोबाइलमध्ये डोकं घालू नका, उघड्या डेकवर जाऊन दूर क्षितिजाकडं बघत बसा. रोजची औषधं दोन दिवस जास्तीची, आणि हातातल्या पिशवीत. मोठी बॅग जहाजाची माणसं घेऊन जातात, ती खोलीत यायला तास-दोन तास लागू शकतात. गरोदर बाई असेल, तान्हं बाळ असेल, तर तिकीट काढायच्या आधी नियम वाचा. बहुतेक जहाजं सहावा महिना ओलांडलेल्या बाईला घेत नाहीत.

आता पुन्हा आधार. तुम्हाला कंटाळा आला असेल, मला नाही आला. पाच वर्षांखालच्या लेकराचं आधार निळं असतं, त्याच्यावर बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाली की ठसे, डोळे, फोटो देऊन ते अद्ययावत करावं लागतं, पुन्हा पंधराव्या वर्षी. पाच ते सात या वयात फुकट होतं. पण तालुक्याच्या केंद्रात लाइन असते, कधी सर्व्हर बसलेला, कधी चिमुकल्याची बोटंच मशीन घेत नाही. म्हणून प्रवासाच्या आठवड्यात जायचं नाही, दोन महिने आधी जायचं. दुसरं, नाव. तिकिटावर घरातलं लाडाचं नाव टाकू नका. आधारवर जी अक्षरं, तीच तिकिटावर. 'वैष्णवी'चं इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं असतं, ते बसून जुळवा. तिसरं, शाळेला, बँकेला, रेशन दुकानाला झेरॉक्स द्यायची, मूळ कार्ड द्यायचं नाही. दिलं असेल तर आज मागून आणा. सरांना राग आला तर येऊ द्या. पॅन कार्ड आहे ना, असं म्हणून निवांत राहू नका, आणि फोनमधलं आधार गेटवर दाखवू म्हणून तर नाहीच नाही.

जहाजाचं ऑनलाइन चेक-इन प्रवासाच्या आधी पूर्ण करायचं असतं. गावात रेंज येते-जाते, म्हणून तालुक्याला गेलात तेव्हाच उरकून टाका आणि पास छापून घ्या. हे काम करताना सगळ्यांची कार्डं समोर टेबलावर मांडा. टेबलावर, फोनमध्ये नाही. एखादं कमी पडत असेल तर तेव्हाच कळतं.

गाडी. रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधीच उघडतं. जहाजाचं तिकीट चार महिने आधी काढलंत तरी रेल्वेसाठी थांबावं लागणार, म्हणून ती तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा. धामणगाव किंवा बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून जहाज सुटतं तो बॅलार्ड पिअरचा धक्का टॅक्सीनं अगदी जवळ. कागदावर फार सुंदर दिसतं. पण ज्या दिवशी जहाज त्याच सकाळी उतरायचं असं ठरवू नका. इंजिन बंद पडतं, कसाऱ्याच्या घाटात गाडी थांबते, कुठं ब्लॉक असतो. एक दिवस आधी जा. कल्याण-डोंबिवलीला आत्या असेल तर तिच्याकडं राहा, मात्र दुसऱ्या दिवशी रविवार असेल तर लोकलचा मेगाब्लॉक बघूनच निघा. समृद्धीनं कारनं जायचा मोह होतो, जून 2025 मध्ये तो पूर्ण उघडला. 701 किलोमीटरच्या त्या सरळ रस्त्यावर ड्रायव्हरला झोप येते, पुढं भिवंडी-ठाण्याच्या गर्दीत सगळा वाचलेला वेळ जातो, आणि मुंबईत गाडी ठेवायची कुठं ते वेगळंच. रेल्वेनंच जा.

गाडीत बसायच्या आधी, फलाटावर, एकेका माणसाचं कार्ड हातात घेऊन मोजा. 'आईकडं आहे', 'पप्पांकडं आहे' हे उत्तर धरायचं नाही. डोळ्यानं बघा. धामणगावच्या फलाटावरून गावाकडं माणूस पाठवता येतो, भुसावळहून नाही.

घरचं. समुद्रात काही अंतरावर गेलं की रेंज जाते. फोन फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडून बिल चढतं. त्यामुळं विहिरीवरचा मोबाइलवर चालणारा ऑटो स्टार्टर तुम्हाला जहाजावरून चालवता येणार नाही. मला हे सुचलं नव्हतं, भावाला सुचलं. त्या आठवड्यात थ्री-फेज वीज दिवसा आहे का रात्री, ते बघून सालदाराला सांगून जा, मोटरचा नंबर त्याच्या फोनमध्ये टाकून द्या. गाईचं दूध शेजारी. कुत्र्याचं कुणीतरी बघेल.

न्यायचं नाही ते: इस्त्री, पाण्याची किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, सुरी, अडकित्ता, काडेपेटी, दारू. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, म्हणून तपासणी कडक. बंदराच्या गेटवर सीआयएसएफ असतं, तिथं विनोद करू नका. दशम्या, ठेचा रेल्वेपुरता, जहाजावर बाहेरचं खाणं सहसा नेऊ देत नाहीत. आणि खर्रा घरी ठेवा. मामांना हे दोनदा सांगा. डेकवरून थुंकायचा विचार केला तर वारा ते मामांच्याच शर्टावर आणून टाकतो.

चढल्यावर सुरक्षेची कवायत होते, ती चुकवायची नाही. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, हा धोक्याचा इशारा. मग सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचं. 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आदळलं आणि 32 माणसं गेली. नुकत्याच चढलेल्या कित्येकांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर ती घ्यावीच लागते. आजीची जमायची जागा कुठली ते तिच्याकडून म्हणवून घ्या. लेकरांची लाइफ जॅकेट वेगळ्या मापाची असतात, खोलीत नसतील तर मागा.

कपडे थोडेच. एसी गार असतो, शाल हवी. जहाजावरच्या पोहायच्या तलावात सुती कपड्यानं उतरू देत नाहीत, पोरांचे नायलॉनचे कपडे न्या. लुगड्याला पिना, डेकवर वारा फार. चप्पल रबरी.

उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा बाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे, औषधं, आधार त्यात घालू नका. खोलीच्या कार्डाचं बिल रात्रीच तपासून भांडण असेल ते तेव्हाच करा, सकाळी काउंटरवर जत्रा असते. परतीची गाडी संध्याकाळची किंवा रात्रीची काढा. सकाळची काढाल तर धावत सुटाल. मधला वेळ गेटवेवर काढा, आजीला फार चालवू नका.