लाल मुनियेसाठी पाणथळीचा काठ राखताना

पुण्यातला पाषाण तलाव असो की पुण्याजवळचं नदीकाठचं कवडीपाट, काठावरचं पाणकणीस (पाण्यात उभं वाढणारी, कणसासारखा तुरा येणारी उंच वनस्पती) आणि गवत कापायचं तर फेब्रुवारीआधी विळा लावू नका. लाल मुनिया या गवताचे दाणे खाणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याची वीण पावसाळ्यात सुरू होऊन थंडीतही लांबते. घरटं गवतातच, गुडघ्याच्या आसपास उंचीवर असतं. पात्यांचा गोळा, तोंड बाजूला, आत पिसांचं अस्तर. वरून तो वाळक्या गवताचा पुंजकाच वाटतो, म्हणून आधी पाहणी करा.

पाहणी सकाळी नऊच्या आत, दोघांनी, पंधरा-वीस मीटरवरून. चोचीत पीस किंवा लांब पातं घेऊन एकाच जागी पुन्हा पुन्हा उतरणारा पक्षी दिसला, की तिथे घरटं आहे असं धरा. गवत बाजूला सारून बघायला जाऊ नका. तुडवलेल्या वाटेनं मुंगूस पोचतं, कावळाही तुमच्यावर नजर ठेवून असतो. वीण संपली की नराचा लालभडक रंग जाऊन तो मादीसारखा मातकट दिसतो. लाल नर फिरताहेत तोवर कापणी पुढे ढकला.

तलाव ज्या खात्याकडे असेल त्याची लेखी परवानगी घ्या. मग काठाचे चार पट्टे पाडा आणि दरवर्षी एकच कापा. बाकीचे तीन मुनियांना रात्रीच्या मुक्कामाला लागतात. पाणकणीस पाण्याच्या वर वीतभर ठेवून कापा. त्याच्या खोडातूनच मुळांना हवा पोचते, त्यामुळे पाण्याखाली कापलं तर गड्डे कुजतात. सांडव्याचं तोंड तुंबलं असेल तर मात्र तिथे मुद्दाम पाण्याखालीच कापा. कापलेला पाला त्याच दिवशी बाहेर काढा. सांडपाण्याच्या तळ्यात तो कुजला, की पुढच्या वर्षी पाणकणीस आणखी दाट येतं. जाळणं तर नकोच.

जलपर्णी काढणाऱ्या यंत्रासाठी पाणकणसापासून दोन मीटरवर बांबू रोवून लाल कापड बांधा. नाहीतर जलपर्णीबरोबर काठही उचलला जातो.

मुनियेचं पोट पाणकणसावर भरत नाही, तिला बारीक दाण्याचं गवत लागतं. सावा, मारवेल अशा गवतांचं बी नोव्हेंबरमध्ये जवळच्याच माळावरून घ्या, सावलीत वाळवा. जूनमध्ये पहिल्या पावसाच्या तोंडावर चारपट ओलसर मातीत कालवून फेका; वर जाड माती लोटली तर उगवत नाही. बाजरी-राळा टाकून पक्षी जमवू नका, पुण्यात त्यावर कबुतरंच येतात.

गवताळ पाणथळींवरच जगणाऱ्या दुसऱ्या एका पक्ष्याचं, हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतल्या फिनच्या सुगरणीचं, उदाहरण बघा. तिची नोंद २०२१ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ अशी झाली. उंच, ओल्या गवताची रानं शेतीखाली गेली, हे त्यामागचं मोठं कारण. लाल मुनिया अजून त्या अवस्थेला पोचलेली नाही, पण तिचं गवतही तसंच चाललं आहे.

बाजारातली मुनिया सोडून देण्यासाठीसुद्धा विकत घेऊ नका. विकलेल्या एका पक्ष्याची जागा भरायला दुसरा पकडला जातो. अनेकदा त्यांना रंग लावलेला असतो, पंखांची पिसं तुटलेली असतात, असा पक्षी सोडला तरी तगत नाही. मुनिया पकडणं, विकणं, पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. विक्री दिसली तर जागा आणि वेळ टिपून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.