फेसलिफ्ट की लेसर? ठरवायच्या आधी या चुका टाळा

माझ्या मावशीने लेसरची तीन सिटिंग्ज केली आणि चौथ्याच्या आधी मला म्हणाली, "अगं बघ ना, काही फरक दिसतोय का?" मग आरशासमोर उभी राहून दोन-दोन बोटं कानांपुढे टेकवली, गाल हलकेच वर-मागे ओढले आणि म्हणाली, "मला हे असं हवंय." तेव्हा लक्षात आलं की लेसरमध्ये काहीच चुकलं नव्हतं, उन्हाचे डाग खरंच फिके झाले होते, त्वचाही मऊ झाली होती, पण बोटांनी ती जे करून दाखवत होती ते लेसरचं कामच नाहीये.

ही सगळ्यात मोठी चूक, आणि बहुतेकांची हीच होते. "चेहऱ्यावर वय दिसतंय" असं आपण एका दमात म्हणतो पण त्यात वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे त्वचेचा वरचा भाग बिघडतो, डाग, बारीक रेघा, खरखरीतपणा. दुसरं म्हणजे आतले थर सैल होऊन खाली उतरतात, जबड्याची कड जाते, गळ्याची कातडी लोंबते. तिसरं, गालातली चरबी कमी होते आणि चेहरा बसका दिसतो, आणि हे तिसरं ना लेसरने भरून येतं ना नुसतं कातडी ओढून.

सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेसर (तरंगलांबी 10,600 नॅनोमीटर) आणि एर्बियम लेसर (2,940 नॅनोमीटर), दोन्ही त्वचेतल्या पाण्यावर काम करतात, वरचा थर उडवतात आणि खालच्या थराला उष्णता देतात, मग शरीर तिथे नवीन कोलॅजन (त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन) तयार करतं. म्हणजे थोडा घट्टपणा येतो, पण लोंबलेला जबडा वर जात नाही. फेसलिफ्ट म्हणजे चेहरा वर उचलायची सर्जरी, त्यात सर्जन कातडीखालचा एसएमएएस नावाचा थर उचलून बांधतात, ज्याचं वर्णन पहिल्यांदा 1976 मध्ये झालं, आणि नुसती कातडी ताणली तर चेहरा ओढल्यासारखा दिसतो आणि रिझल्टही टिकत नाही, त्यामुळे सर्जनला "तुम्ही आतल्या थराचं काय करणार?" हे विचाराच.

मावशीचीच टेस्ट घरी करा. गाल बोटांनी हलके वर धरा. जे सुधारलं ते सर्जरीचं काम, आणि धरूनही ज्या रेघा, डाग तसेच राहिले ते लेसरचं. ओठांच्या वरच्या उभ्या बारीक रेघा हे याचं चांगलं उदाहरण, फेसलिफ्ट केली तरी त्या जात नाहीत आणि मग लोक म्हणतात सर्जरी फुकट गेली. डोळ्यांचंही बघा, वरची पापणी जड वाटते म्हणून पापणीची सर्जरी करायला जातात आणि खरं तर भुवई खाली आलेली असते. डोळे कोरडे पडत असतील तर तेही आधी सांगा, सर्जरीनंतर तो त्रास वाढू शकतो.

"लेसर म्हणजे सेफच" असं धरून चालणं

कापाकापी नाही म्हणून धोका नाही असं नसतं. सावळ्या-गव्हाळ त्वचेत लेसरनंतर काळे डाग पडायची शक्यता जास्त असते, म्हणून डॉक्टर फिट्झपॅट्रिक स्केलवर (1 म्हणजे सगळ्यात गोरी, 6 म्हणजे सगळ्यात काळी त्वचा) तुमचा स्किन टाइप बघतात आणि 4 पासून पुढे सेटिंग जपून ठेवतात. हे कुणी विचारलंच नाही, आधी छोट्या जागेवर टेस्ट करून बघायचं नावही काढलं नाही, तर मला तिथे लेसर करून घ्यायची भीती वाटेल. वांग असतील तर लेसरने ते वाढूही शकतात. उन्हात टॅन झालेल्या त्वचेवर लेसर नको. आणि रंग किंवा आकार बदलणारा तीळ "जाऊ दे, लेसरने काढून टाकू" म्हणू नका, आधी स्किनच्या डॉक्टरांनी तपासलेला हवा, कारण तो कॅन्सर असला तर लेसरने वरची खूण पुसली जाते आणि निदान लांबतं.

डॉक्टरांपासून लपवणं

सिगरेट. याच्यावर मी जोर देऊन सांगते, कारण फेसलिफ्टमध्ये कातडी खालून सोडवलेली असते, तिचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो आणि निकोटिनने रक्तवाहिन्या आणखी आकसल्या तर कातडीचा तुकडा मरू शकतो. काही आठवडे आधी पूर्ण बंद, आणि "फक्त दोनच ओढतो" हेही सांगायचं. बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या (स्वतःच्या मनाने बंद करू नका), पिंपल्ससाठी घेतलेलं आयसोट्रेटिनॉइन, ओठावर पूर्वी आलेला हर्पिस (पाण्याचे बारीक फोड), सगळं सांगा. हर्पिस होऊन गेला असेल तर खोल लेसरच्या आधीच अँटीव्हायरल गोळ्या सुरू करतात.

एकच मशीन असलेल्या ठिकाणी जाऊन "माझ्यासाठी काय बरं?" विचारलं तर उत्तर बहुधा तेच मशीन असतं. एक मत डर्मॅटॉलॉजिस्टचं आणि एक प्लास्टिक सर्जनचं घ्या.

करून झालंय आणि काहीतरी बिनसलंय

लेसरनंतर महिना झाला, फरक नाही? थांबा, कोलॅजन तयार व्हायला 3 ते 6 महिने जातात, लगेच पुढचं सिटिंग जोरात करून मागू नका. काळे डाग पडले तर घरचे लेप, पील, दुसरा लेसर काही नको, रोज सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेलं क्रीम, बहुतेक वेळा काही महिन्यांत फिके होतात. पण फोड, पू, वाढत जाणारं दुखणं किंवा एखादी जागा लाल आणि टणक होत चालली असेल तर त्याच दिवशी दाखवा, तो इन्फेक्शनचा किंवा व्रणाचा इशारा असू शकतो.

फेसलिफ्टनंतर पहिल्या 24 तासांत एकाच बाजूला अचानक सूज आणि दुखणं वाढलं तर सकाळची वाट बघू नका, रात्री 2 वाजले असले तरी फोन करा, कातडीखाली रक्त साठत असेल तर ते लगेच काढावं लागतं.

मावशीने चौथं सिटिंग रद्द केलं. सर्जनने तिची जबड्याची कड, गळा सगळं बोटांनी चाचपून बघितलं आणि सांगितलं की आधी बीपी आटोक्यात आणा, मग तारीख ठरवू. ती आता रोज सकाळी बीपी मोजून वहीत लिहितेय.