क्रेडिट कार्डाचा खर्च घरच्या हिशेबात कसा बसवावा

आमच्या घरी दूध, किराणा, वीजबिल सगळं वहीत रोज लिहिलं जायचं, तरी महिनाअखेरीस मेळ बसत नसे. कारण कार्डावरचा खर्च वहीत यायचा तो बिल भरल्यावर, ‘क्रेडिट कार्ड : १८,३४०’ अशा एका ओळीत. त्यात औषधं किती, पेट्रोल किती, हॉटेल किती, काहीच कळायचं नाही. पुढच्या गोष्टी करायला लागल्यापासून ते कळू लागलं.

१. कार्ड वापरलं, त्याच दिवशी लिहा. वहीत, मोबाइलमध्ये किंवा एक्सेलमध्ये, कुठेही चालेल. तारीख, कशासाठी, किती आणि पैसे कसे दिले : रोख, यूपीआय की कार्ड. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर जास्त जपा. स्कॅन करताना खात्यातले पैसे गेले की कार्डावर चढले हे पटकन लक्षात येत नाही. त्या नोंदीपुढे ‘कार्ड’ असं आवर्जून लिहा.

२. तेवढे पैसे बाजूला काढा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. दर रविवारी आठवड्यातल्या कार्डनोंदींची बेरीज करायची आणि तेवढी रक्कम दुसऱ्या बचत खात्यात टाकायची. कार्डावर घेतलेल्या वस्तूचे पैसे आपल्या खात्यात दिसत राहतात, पण ते आता आपले नसतात.

३. बिल भरलं की तो खर्च म्हणून पुन्हा लिहू नका. साडी घेतली तेव्हा ती ‘कपडे’ या सदरात गेली. बिल भरणं म्हणजे फक्त देणं चुकतं करणं. इथे बऱ्याच घरांत एकच खर्च दोनदा धरला जातो.

४. दोन तारखा कॅलेंडरवर गोल करून ठेवा : बिल निघण्याची आणि भरण्याची. समजा, बिल १८ तारखेला निघतं आणि पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचं असतं. १७ सप्टेंबरच्या खरेदीचे पैसे ७ ऑक्टोबरला द्यावे लागतील, १९ सप्टेंबरच्या खरेदीचे थेट ७ नोव्हेंबरला. म्हणूनच बिलाचा महिना आणि वहीचा महिना कधी जुळत नाहीत. ते जुळवायचा खटाटोपही करू नका. वही खरेदीच्या तारखेनेच चालू द्या. मुदत पगाराच्या आधी, ऐन ओढाताणीत येत असेल तर बँकेला सांगून बिलाचं चक्र बदलून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ही सोय किमान एकदा मिळायलाच हवी.

५. बिल आल्यावर पेन घेऊन बसा आणि प्रत्येक ओळ वहीशी ताडून खूण करा. पंधरा मिनिटांचं काम आहे. विसरलेली वर्गणी, वार्षिक शुल्क, न मिळालेला परतावा, सगळं इथे सापडतं. एखादा व्यवहार घरात कोणीच केलेला नसेल तर बिलाची वाट पाहत बसू नका. मेसेज आला की लगेच बँकेला कळवा. आपली चूक नसताना त्रयस्थाने केलेल्या फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर नियमाप्रमाणे ग्राहकावर भार पडत नाही.

६. ‘किमान देय’ या आकड्याकडे पाहूच नका. २०,००० रुपयांच्या बिलावर साधारण ५ टक्के, म्हणजे १,००० रुपये भरले की दंड टळतो. पण उरलेल्या १९,००० वर महिना साडेतीन टक्के दराने ६६५ रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, असे जवळजवळ ७८५ रुपये होतात. प्रत्यक्षात आकडा आणखी मोठा निघतो, कारण व्याज खरेदीच्या तारखेपासून धरतात आणि बिनव्याजी मुदत गेल्यामुळे नव्या खरेदीवरही ते पहिल्या दिवसापासून लागतं. ऑटो-पे लावलं असेल तर ते पूर्ण रकमेचं आहे ना, हे आजच तपासा. कार्डाने एटीएममधून रोख काढाल तर तिथेही व्याज पहिल्या दिवसापासूनच, वर वेगळं शुल्क.

हप्त्यांसाठी वहीचं शेवटचं पान राखून ठेवा. २४,००० चा फ्रिज बारा हप्त्यांवर घेतला, तर दरमहा २,००० चे बारा रकाने आखा आणि भरेल तसा एकेक खोडा. ‘नो कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी हप्ते, म्हटलं तरी व्याजाच्या भागावरचा जीएसटी बहुधा आपल्याकडूनच घेतात, तोही तिथे लिहा. घरात दुसऱ्या कोणाकडे पूरक कार्ड असेल तर त्याच्याही नोंदी याच वहीत हव्यात, कारण बिल एकच येतं.