पगार कोचिंगचा, काम पोरं आणण्याचं

मी नेमकं काय काम करतो, हे बाबांना अजून नीट सांगता येत नाही. "पोरगा फुटबॉलचा कोच आहे," असं ते फोनवर साताऱ्याच्या काकांना सांगतात. काका विचारतात, "मेस्सीवाला का?" बाबा विषय बदलतात.

मी मिनेसोटातल्या एका छोट्या खाजगी कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचा सहायक कोच आहे. टीव्हीवर दिसतं ते डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा गट; तिथे स्टेडियम खचाखच भरतं आणि कोचला कोटींत पगार मिळतो. आम्ही डिव्हिजन थ्री, म्हणजे तिसऱ्या गटातले. इथे खेळाच्या जोरावर स्कॉलरशिप द्यायला नियमानेच मनाई आहे. तरी संघात शंभराच्या वर पोरं असतात, कारण शंभर पोरं म्हणजे शंभर जणांची फी. पटसंख्येवर तगणाऱ्या कॉलेजला आम्ही त्यासाठी हवे असतो. मुलाखतीत हे इतकं उघड कोणी बोलत नाही. पहिल्या डिसेंबरात आपोआप कळतं.

सीझन तसा आटोपशीर असतो: ऑगस्टात कॅम्प, मग शनिवारी शनिवारी मिळून दहा सामने. रविवारी सकाळी सातला फिल्म रूममध्ये बसायचं आणि पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या व्हिडिओतला प्रत्येक प्ले, म्हणजे एकेक चाल, टॅग करायचा, म्हणजे त्याची नोंद करायची. कितवा डाउन (चेंडू पुढे नेण्याचा कितवा प्रयत्न), किती यार्ड हवेत, फॉर्मेशन कोणतं (खेळाडू कसे उभे), चेंडू कुठल्या हॅशवर (मैदानावर आखलेल्या खुणांच्या रांगेवर). हे कंटाळवाणं काम मन लावून शिका. नवशिक्याचं मत कोणी विचारत नाही, पण त्याच्या टॅगिंगवर सगळा स्टाफ विसंबतो. शिवाय जर्सी धुणं, हेल्मेटचे स्क्रू तपासणं आणि वेट ट्रेनिंगचा तास घेणंही आपल्याच गळ्यात.

खरी नोकरी हिवाळ्यात सुरू होते: रिक्रूटिंग, म्हणजे संघासाठी पोरं मिळवणं. शाळांमध्ये जायचं, तिथल्या कोचशी बोलायचं, मग पोराच्या घरी. एकदा मक्याच्या शेतांमधल्या एका घरात बसलो होतो. वडील पैशांचं विचारत होते. मदत मिळते ती गरज आणि मार्क बघून, आणि ती ठरवतं अ‍ॅडमिशनचं ऑफिस. माझ्या हातात काही नाही, हे त्यांना सांगितलं. मी आमच्या ऑफेन्सचं, म्हणजे आक्रमणाच्या खेळाचं, कौतुक सुरू केलं तसं आईने मधेच तोडलं, "नापास व्हायला लागला तर मला फोन कोण करणार?" अगदी माझ्या आईचा सूर! मी म्हटलं, "मी करेन." ते पोरगं आलं. दुसऱ्याच सेमिस्टरला मला तो फोन करावाही लागला.

आमच्याकडे बांधून ठेवणारा करार नसतो. पोराने होकार दिला, टोपी घालून फोटो काढला, मे महिन्यात डिपॉझिट भरलं, तरी ऑगस्टात तो मैदानात दिसेपर्यंत आकडा धरायचा नाही. मी पहिल्या वर्षी धरला होता. हेड कोचसमोर तोंड लपवायला जागा उरली नाही.

आमच्याच राज्यात कॉलेजव्हिलच्या सेंट जॉन्समध्ये जॉन गॅलियार्डी होऊन गेले. १९५३ ते २०१२ एकाच कॉलेजात. मोंटानातली आधीची चार वर्षं धरून ४८९ विजय; कॉलेज फुटबॉलमध्ये इतके कोणाचेच नाहीत. सरावात शिट्टी नाही, टॅकलिंग (अंगावर जाऊन पाडणं) नाही, आणि पोरांनी 'कोच' न म्हणता 'जॉन' म्हणायचं. दुसरं टोक निक सिरियानी: ओहायोतल्या माउंट युनियनमध्ये खेळले, तिथेच कोचिंगला लागले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाचे हेड कोच म्हणून सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकले. या दोन नावांवर स्वप्नं जरूर बघा, पण घरभाडं त्यांच्या भरवशावर ठरवू नका. हेड कोच गेला की बहुतेक वेळा अख्खा स्टाफ जातो. माझं तसं एकदा झालंय, नाताळच्या तोंडावर.

भारतातून मास्टर्सला येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि सीझनमधलं कोचिंगचं काम त्यात मावत नाही. व्हिडिओचं काम मागा, त्याचे तास मोजता येतात.

पद घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. राहायला खोली देता का? मेसमध्ये जेवण फुकट का? आणि रिक्रूटिंगला गाडी कोणाची? मी तिसरं विचारलं नव्हतं. त्या हिवाळ्यात माझ्या जुन्या कोरोलाचे दोन टायर आणि एक बॅटरी गेली.