हॅलोविन आणि ख्रिस्ती घर: दाराचं नंतर बघा, आधी मुलांशी बोला

हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ: मुलं भुताखेतांचे नाहीतर दुसरे कसले पेहराव करून दारोदार खाऊ मागतात. त्याबद्दल ख्रिस्ती पालकांना साधारण दोनच सल्ले मिळतात. एक म्हणतो, त्या रात्री दिवे मालवून घरात बसा, सैतान मोकाट सुटलेला असतो. दुसरा म्हणतो, चार चॉकलेटं तर आहेत, एवढं काय मनावर घेता! हे सल्ले देणाऱ्यांच्या घरात मूल नसावं, किंवा असलंच तर ते प्रश्न विचारणारं नसावं.

मी संडे स्कूलला शिकवते. घरची मुलं आणि वर्गातली मुलं, दोन्हींबरोबर हा दिवस बऱ्याचदा निभावला आहे. हॅलोविन पाळा किंवा पाळू नका, यातलं एकच मत तुमच्या गळ्यात मारण्यासाठी हे लिहिलेलं नाही. जे ठरवाल ते नीट कसं पार पाडायचं, एवढंच सांगते.

आधी दोघांचं एकमत करा

नवरा-बायकोने ऑक्टोबर लागण्याआधी ठरवून टाकावं, आणि तेही मुलांच्या माघारी. आजी-आजोबांना लगेच कळवावं. ऐन संध्याकाळी आजीने "ही कसली भुताखेतांची थेरं?" म्हटलं की महिनाभराची तयारी पाण्यात जाते.

इतिहास कामापुरताच

हॅलोविन म्हणजे सैतानाचा वाढदिवस, हे वाक्य दरवर्षी कुणी ना कुणी पुढे पाठवतंच. त्याला पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आधार नाही आणि इतिहासातही नाही. ३१ ऑक्टोबर ही सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये सर्व संतांच्या नावाने एक प्रार्थनास्थळ अर्पण केलं, आणि ८३५ मध्ये फ्रँक लोकांच्या राज्यात १ नोव्हेंबरचा हा सण लागू झाला. २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस.

मग सगळं ख्रिस्तीच, असं म्हणून निर्धास्त व्हावं का? तसंही नाही. आयर्लंडमध्ये त्याच सुमारास सॅविन नावाचा हिवाळ्याच्या सुरुवातीचा जुना सण होता. पण त्याबद्दल जे लिहिलेलं सापडतं ते ख्रिस्ती काळातल्या मठवासीयांनी पुष्कळ नंतर लिहिलेलं आहे. तेव्हा त्या रात्री कोणते विधी चालायचे हे कुणी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगू लागलं, की समजावं, पुष्कळसा अंदाज आहे. आजचं रूप आणखीच वेगळं. आयर्लंडमध्ये सलगम कोरायचे. तिथले आणि स्कॉटलंडचे लोक अमेरिकेत गेले आणि तिथे भोपळा आला. दारोदार जाऊन खाऊ मागण्याचा आजचा खेळ तर उत्तर अमेरिकेत विसाव्या शतकात पसरला. थोडक्यात, सरमिसळ आहे. मुलांना यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही, पण जेवढं सांगाल ते खरं हवं. आज भीती घालायला सांगितलेली खोटी गोष्ट मूल पंधराव्या वर्षी स्वतः तपासतं, आणि मग तुमच्या बाकीच्या शब्दांवरही शंका घेतं.

कोणती वाट

वाटा तीन: पूर्ण दूर राहणं, मर्यादा घालून भाग घेणं, किंवा त्या संध्याकाळी आपलं वेगळं काही करणं. तिन्ही वाटांवर प्रामाणिक विश्वासणारे भेटतात. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की कुणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, कुणी सगळे सारखे मानतो. ज्याने त्याने आपल्या मनाची पुरती खात्री करून घ्यावी. करिंथकरांना तो मूर्तीला वाहिलेल्या मांसाबद्दल लिहितो तेही इथे कामाला येतं. बाजारात विकतात ते विवेकासाठी चौकशी न करता खा, पण कुणी मुद्दाम "हे वाहिलेलं आहे" असं सांगितलं तर त्या माणसाच्या विवेकासाठी खाऊ नका. हॅलोविनच्या वादात शास्त्रातला याच्याइतका जवळचा दाखला मला दुसरा सापडलेला नाही.

म्हणून माझं ठाम मत: घरात किंवा जवळच्या नात्यात कुणी जादूटोण्यातून, भूतबाधेच्या दहशतीतून बाहेर आलेलं असेल, तर दूरच राहा. मुलं थोडी हिरमुसतील, चालेल.

आणि कुठलीही वाट धरलीत तरी एक रेघ पक्की. मेलेल्यांना बोलावण्याचे, भविष्य काढण्याचे खेळ नकोत. प्लँचेट नको, टॅरोचे पत्ते नकोत, गमतीतही नकोत. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात याला स्पष्ट मनाई आहे, आणि मेलेल्याला बोलावून घ्यायला एन-दोरच्या बाईकडे गेलेला शौल राजा पुढे लढाईत कसा मेला ते आपण वाचलेलं आहे. कागदी सांगाडा मात्र या यादीत बसत नाही. सांगाड्याला दचकणाऱ्यांनी यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सदतिसावा अध्याय उघडावा, अख्खं खोरं भरून हाडं आहेत.

मुलांशी बोलणं

इथे गाडी अडते. माझीही बराच काळ इथेच अडायची. बाकीचं सगळं घाईत झालं तरी निभतं, हे बोलणं घाईत उरकू नका.

पहिली गोष्ट, भीती घालू नका. "त्या रात्री दुष्टात्मे फिरतात" असं सांगितलेलं मूल रात्री झोपत नाही, आणि वर एक चुकीचा धडा शिकतं: सैतानाचं बळ वर्षातून एका तारखेला वाढतं. आपला विश्वास हा नाही. कलस्सैकरांस पत्रात म्हटलं आहे की ख्रिस्ताने वधस्तंभावर सत्ता आणि अधिकार यांना, म्हणजे दुष्ट शक्तींना, निःशस्त्र केलं. ज्याची शस्त्रं काढून घेतली त्याच्यासाठी आपण घरातले दिवे मालवून बसायचं? दूर राहायचं असेल तर अवश्य राहा, पण "आपल्याला हे आवडत नाही, आपण वेगळे दिवस पाळतो" या कारणाने राहा. घाबरून राहू नका.

दुसरी गोष्ट, आधी विचारा, मग सांगा. "तिथे काय असतं असं तुला वाटतं?" एवढंच. पुष्कळदा उत्तर येतं, "चॉकलेट आणि पऱ्यांचे कपडे." अशा मुलाला नरकाची माहिती द्यायची काहीच गरज नाही. अगदी लहान मुलाला एक वाक्य पुरतं. शाळकरी मुलाला कारण लागतं. पंधरा-सोळा वर्षांचं मूल तुमची विसंगती शोधून काढतं: घरात रक्तपाताचे सिनेमे चालतात आणि भोपळा चालत नाही, असं कसं? याचं उत्तर तयार नसेल तर आधी टीव्हीचं बघा.

तिसरी गोष्ट, मुलाला शाळेत नेता येईल असं वाक्य द्या आणि ते त्याच्याकडून म्हणवून घ्या. "आम्ही त्या दिवशी भीतीचे खेळ खेळत नाही, आमच्याकडे संतांच्या गोष्टी असतात." किंवा, "मी येणार आहे, पण भूत होणार नाही." वाक्य असं हवं की ते ऐकून समोरच्या मुलाला आपण वाईट आहोत असं वाटू नये. "तुम्ही सैतानाची पूजा करता" हे वाक्य घरातून शाळेत गेलं तर दोष मुलाचा नाही. समोरचं मूल सात वर्षांचं आहे, ते मांजर झालेलं आहे. त्याच्यावर सुवार्तेचा हल्ला करण्यासाठी आपल्या मुलाला पुढे करणं मला अजिबात पटत नाही, मग चर्चच्या मंडळीत त्याचं कितीही कौतुक होवो.

आता या सगळ्यातला खरा अवघड भाग. आपण भोपळ्याबद्दलच्या प्रश्नांची तयारी करून बसतो आणि मुलं विचारतात मेलेल्या माणसांबद्दल. "भूत असतं का?" हा प्रश्न तिथेच थांबत नाही, त्याच्या मागोमाग "आजोबा आता कुठे आहेत?" येतोच. ते आपल्याला बघतात का? ते रात्री येतील का? ते थडग्यात आहेत की देवाजवळ? हसून विषय बदलणं, किंवा "मोठा झालास की कळेल" म्हणणं, ही या टप्प्यावरची सगळ्यात वाईट उत्तरं. दुकानांत सांगाडे टांगलेले, शाळेत थडग्यांची चित्रं, आणि घरात मरण या विषयावर कुणी चकार शब्द काढत नाही. मग मूल आपली उत्तरं दुकानातूनच घेतं.

म्हणून सरळ बोला. दुष्ट शक्ती आहेत असं शास्त्र सांगतं, पण मेलेली माणसं घाबरवत फिरत नाहीत. आजोबा देवाच्या हातात आहेत आणि आपण पुनरुत्थानाची वाट पाहतो. नेमकं काय नि कसं, हे विचारलं आणि ठाऊक नसेल तर "हे देवाने आपल्याला सगळं सांगितलेलं नाही" म्हणा. मुलांना ते चालतं, थापा चालत नाहीत. कॅथलिक घरांना इथे तयार आधार आहे: २ नोव्हेंबरची मिस्सा (चर्चमधली उपासना), कबरस्तानात जाऊन लावलेली मेणबत्ती, मृतांसाठी प्रार्थना. प्रोटेस्टंट घरात सहसा मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, पण त्यांची नावं घेऊन देवाचे आभार मानायला कुणाची हरकत असणार? जुने फोटो काढा. कोण कसं होतं, कोणतं गीत म्हणायचं, कुणाचं बायबल घरात अजून आहे, हे सांगा. पेहरावाच्या भांडणापेक्षा या तासाभराला जास्त वेळ ठेवा.

या बोलण्यासाठी रात्रीची झोपायची वेळ निवडू नका. दिवसाढवळ्या, काहीतरी काम करताना बोला.

शाळा आणि पेहराव

वर्गात कार्यक्रम असेल तर शिक्षकांना आठवडाभर आधी दोन ओळींची नम्र चिठ्ठी द्या. बस, प्रवचन नको.

पेहरावात सैतान, रक्तबंबाळ जखमा आणि कुणाच्या धर्माची किंवा जातकुळीची टिंगल, एवढं टाळा. बाकी मुलावर सोडा. संतांचे पोशाख करणार असाल तर एक सूचना: सगळी मुलं गुलाबाची फुलं घेतलेली गोड संत निवडत नाहीत. लोखंडी जाळीवर भाजला गेलेला लॉरेन्स आणि स्वतःचं कापलेलं डोकं हातात धरणारा देनिस हे मुलग्यांचे फार आवडते. "रक्तपात नको म्हणून संत" असं म्हणणाऱ्यांनी हुतात्म्यांची चित्रं बहुधा पाहिलेली नसतात.

दार उघडायचं असेल तर

नीट उघडा. चांगला खाऊ द्या, नाव विचारा, पेहरावाचं कौतुक करा. शेजारी आपणहून तुमच्या दाराशी येतात अशी संध्याकाळ वर्षात फार वेळा मिळत नाही. खाऊऐवजी धर्मप्रचाराची पत्रिका देणारे पाहिले की मला लाज वाटते. पत्रिका द्यायचीच असेल तर गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या चॉकलेटबरोबर द्या. दार उघडायचं नसेल तर बाहेरचा दिवा बंद ठेवा, पण दाराशी आलेल्या पोराला उपदेश करू नका.

प्रथा मोडीत न काढता वळवता येते, याचं माझं आवडतं उदाहरण १९५० सालचं आहे. फिलाडेल्फियाकडचे प्रेस्बिटेरियन पाळक क्लाइड ॲलिसन आणि त्यांच्या पत्नी मेरी एम्मा यांनी मुलांच्या हातात दुधाचे रिकामे खोके दिले आणि खाऊबरोबर गरजू मुलांसाठी नाणी मागायला सांगितली. ते पैसे युनिसेफला गेले, आणि पुढे ही मोठी मोहीम झाली.

खाऊत विष असण्याची भीती दरवर्षी पसरते. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी जुनी प्रकरणं तपासली, तेव्हा अनोळखी माणसाने असा खाऊ देऊन मूल मारल्याचं एकही सिद्ध प्रकरण त्यांना सापडलं नाही. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये मूल दगावलं ते बापाने स्वतः विष घातल्याने. खरा धोका अंधारातल्या गाड्यांचा. कपड्यांवर चमकणारी पट्टी लावा आणि लहानांचा हात सोडू नका.

मंडळीत वेगळं काही करायचं असेल तर

त्याच संध्याकाळी करा, चार दिवसांनी नको. खेळ, गाणी, खाऊ पोटभर ठेवा. मुलांना बसवून दीड तासाचं प्रवचन दिलंत, तर पुढच्या वर्षी ती शेजाऱ्यांकडे जातील आणि मी त्यांच्या बाजूने असेन. प्रोटेस्टंट चळवळीची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरची गोष्ट घेता येते: ३१ ऑक्टोबर १५१७, जर्मनीतलं विटेनबर्ग, पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्धचे ९५ प्रबंध, ज्या चर्चच्या दाराशी ही घटना जोडतात ते चर्चही सर्व संतांच्याच नावाचं. अंधाऱ्या खोल्यांत नरकाचे देखावे उभे करून मुलांकडून पश्चात्ताप करवून घेण्याचे प्रयोगही काही ठिकाणी होतात. तिथे मुलांना नेऊ नका. भुताची भीती नको म्हणून घराबाहेर काढलेल्या मुलाला नरकाची भीती दाखवायची, यात आपण काय मिळवलं?

१ नोव्हेंबर

खाऊचे वाटे करा, मुलांना थोडा त्या दिवशी खाऊ द्या, बाकी वर ठेवा. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय आणि बाराव्याच्या पहिल्या दोन ओळी मोठ्याने वाचा. लांब वाटला तर त्यातल्या विश्वासवीरांचं एकेक नाव मुलांना वाटून द्या. मग आदल्या आठवड्यात मुलांनी विचारलेले आणि तुम्हाला न सुटलेले प्रश्न एका कागदावर लिहा आणि येत्या रविवारी पाळकसाहेबांच्या किंवा फादरांच्या हातात ठेवा. त्यांनाही थोडी तयारी करू द्या.