पूरधोक्याच्या अभ्यासासाठी जलवैज्ञानिक आणि जलगतिकीय प्रतिमाने कशी जोडावीत

जलवैज्ञानिक प्रतिमान (संगणकीय मॉडेल) पावसातून किती पाणी वाहून निघेल ते सांगते, तर जलगतिकीय प्रतिमान ते पाणी नदीपात्रातून आणि पूरमैदानावर कसे पसरेल ते दाखवते. जोडणीची सुरुवात नकाशापासून करावी: पहिले प्रतिमान प्रदेश ज्या चौकोनांत विभागते, त्यांतील प्रत्येक चौकोन दुसऱ्याच्या जाळीतील कोणत्या घटकांना पाणी देणार, हे आधी निश्चित करावे.

त्यानंतर एककांकडे बारकाईने पाहावे, कारण माझ्या मते बहुतेक चुका येथेच होतात. १०० चौरस किलोमीटरच्या चौकोनातून दिवसाला १० मिलिमीटर अपवाह (वाहून निघणारे पावसाचे पाणी) निघत असेल, तर ते १० लाख घनमीटर पाणी होते, म्हणजेच सेकंदाला सुमारे ११.६ घनमीटर, हा प्रवाह जलगतिकीय प्रतिमानाच्या काही सेकंदांच्या कालपायऱ्यांमध्ये वाटून द्यावा लागतो.

जोडलेल्या क्षेत्रात जलवैज्ञानिक प्रतिमानातील नदीप्रवाहाची गणना बंद ठेवावी, अन्यथा तेच पाणी दोनदा मोजले जाते.

प्रथम एकदिशा जोडणीच, म्हणजे फक्त जलवैज्ञानिक प्रतिमानाकडून जलगतिकीय प्रतिमानाकडे पाणी देणारी, चालवावी. आत आलेले पाणी, बाहेर गेलेले पाणी आणि साठ्यातील बदल यांचा ताळेबंद जुळल्यावरच, पूरपाण्याचे बाष्पीभवन व जमिनीत मुरणे पुन्हा जलवैज्ञानिक प्रतिमानाकडे सोपवणारी द्विदिशा जोडणी हाती घ्यावी.