मार्च-एप्रिलात टेकडीवर पक्षी बघताना: परतीच्या पाहुण्यांची नोंद कशी ठेवावी

पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या रानात वसंतातलं स्थलांतर म्हणजे पाठवणी. हिवाळी पाहुणे मार्च-एप्रिलात इथून निघतात. ऑक्टोबरात आलेला पक्षी पहिल्याच दिवशी नजरेत भरतो, पण तो गेला कधी हे आठवडाभराने उमगतं. म्हणून एकदाच जाऊन चाळीस जाती मोजण्यापेक्षा एकाच पायवाटेवर पुन्हा पुन्हा जाणं इथे कामाला येतं.

वाट एक ते दीड किलोमीटरची निवडा. तिच्यावर तीन गोष्टी हव्यात: खाणीतलं किंवा ओढ्यातलं थोडंफार पाणी, फुललेली झाडं आणि दाट सावलीचा एखादा पट्टा. होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आठवड्यातून दोनदा, त्याच वेळेला जा. मार्चअखेरीस पुण्यात साडेसहाच्या आसपास सूर्य उगवतो. तेव्हा वाटेवर असावं आणि नऊला परतावं. दहानंतर उन्हाने पाखरं पानांत दडतात. दीड किलोमीटरला दोन तास लागले पाहिजेत. चाळीस मिनिटांत संपली तर तो नुसता मॉर्निंग वॉक झाला. सकाळी पश्चिमेकडे तोंड करून चाला, म्हणजे ऊन पाठीवर राहतं आणि पक्ष्याचे रंग दिसतात. उलट दिशेला सगळेच काळे दिसतात.

सुरुवात फुलांपासून करा. पांगारा, पळस आणि काटेसावर यांच्यापैकी जे झाड फुललं असेल, त्याच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर पंधरा मिनिटं बसून राहा. मधासाठी भोरड्या थव्याने येतात. मोठी भोरडी गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची. लहान वयाची मळकट तपकिरी असते आणि नवशिके तिला साळुंकी म्हणून मोकळे होतात. साळुंकीच्या डोळ्याभोवती पिवळी कातडी असते, भोरडीला ती नसते. भोरड्या मध्य आशियाकडे जातात. एप्रिलात थवे विरळ होतात, म्हणून थवा दिसला की आकडा लिहायचाच. दहा पक्षी मोजा, तेवढी जागा डोळ्यांत धरा आणि थव्यात ती किती वेळा बसते ते पाहा.

खरी परीक्षा वटवट्यांची, म्हणजे वॉर्बलर पक्ष्यांची. सगळे बोटभर, सगळे हिरवट-तपकिरी, क्षणभर थांबत नाहीत. इथे रंगाआधी जागा बघा. झाडाच्या शेंड्याला, पानापानांत किडे टिपत फिरणारा, डोळ्यावर लांब फिकट भुवई असलेला बहुधा हिरवट वटवट्या. त्याची ‘टिस्ली’ अशी दोन तुकड्यांची हाक एकदा कानात बसली की तो न दिसताही मोजता येतो. पंखावरची पट्टी शोधत बसू नका, ती पुष्कळदा अस्पष्ट असते. खाली झुडपात, साध्या तपकिरी रंगाचा, ‘चक्, चक्’ करणारा असेल तर ब्लिथ्स रीड वॉर्बलरचा विचार करा. खडकावर किंवा बुंध्यावर सरपटल्यासारखा चढणारा, पोटाला पिवळसर असेल तर सल्फर-बेलीड वॉर्बलर. जागा, हालचाल आणि हाक यांतल्या निदान दोन गोष्टी जुळत नसतील तर सरळ ‘वटवट्या, अनोळखी’ लिहा. अशा नोंदीत काही कमीपणा नाही. खोटं नाव मात्र वर्षभराची यादी बिघडवतं.

सावलीच्या पट्ट्यात चालू नका, उभे राहा. निळ्या डोक्याचा कस्तुर तिथे आतल्या फांदीवर निश्चल बसतो. नराचं पोट नारिंगी, पंखावर पांढरा ठिपका. मादी तपकिरी, पोटावर खवल्यांसारखी नक्षी. लाल कंठाचा माशीमार शेपटी वर उडवतो तेव्हा तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं चमकतं. मादीला लाल कंठ नसतोच, म्हणून शेपटी बघायची. चैत्रपालवी फुटली की हे सगळं अवघड होतं, तेव्हा निष्पर्ण झाडं आधी उरकून घ्यावीत.

दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. १०× हातात थरथरते आणि जवळच्या झाडीत पक्षी सापडत नाही. वापरण्याआधी उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावं झाकून चाकाला हात न लावता उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. हे न केल्यामुळे अर्ध्या लोकांचं डोकं दुखतं आणि दोष दुर्बिणीला जातो. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या कडा खाली दाबा. पक्ष्यावरची नजर हलवू नका, दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधला तर नुसती पानं दिसतात.

वही अशी असावी:

२ एप्रिल, ६:३५ ते ८:४५, १.४ किमी. थरथऱ्या ०. हिरवट वटवट्या ५ (३ आवाजावरून). भोरडी ६०. करडा धोबी १, खाणीच्या पाण्यावर. पांगारा संपला.

यातलं ‘थरथऱ्या ०’ सगळ्यात मोलाचं. आधीच्या फेरीत हा शेपटी थरथरवणारा हिवाळी पाहुणा दिसला होता आणि पुढच्या तीन फेऱ्यांतही शून्य आलं, तर त्याची शेवटची तारीख हाती लागली. तीच यादी ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) भरताना वेळ, अंतर आणि आकडे तिन्ही द्या; ‘सर्व जाती नोंदवल्या’ याला ‘हो’ म्हणता आलं तरच न दिसलेल्या पक्ष्याला अर्थ राहतो.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. निघण्याआधी अंगावर चरबी साठवायची असते, तेव्हा खाणं सोडून भांडायला येणं त्यांना परवडत नाही. फोटोसाठी पाणवठ्याला खेटून बसण्याचंही तेच. दहा-बारा मीटर मागे, झुडपाच्या आडोशाला बसावं.

अक्षय्य तृतीयेनंतर फेऱ्या आठवड्याला एक केल्या तरी चालतात, पण बंद करू नका. मे सरता-सरता नवरंग पक्ष्याची दोनसुरी शीळ आणि त्याच सुमाराला चातक यांची पहिली तारीख त्याच वहीत, त्याच वाटेवर पडायला हवी.